आजारी मुलांच्या सोबतीला

परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात पार बिहार-बंगालमधूनही कर्करोग झालेली मुलं उपचारांसाठी येतात. रक्ताच्या कर्करोगाचे उपचार दोन ते तीन वर्षं चालू शकतात. गाव सुटतं, शाळा बुडते, सवंगडी दुरावतात. अशा कुटुंबांना मोफत निवारा देण्यासाठी २००६ साली मुंबईत सेंट ज्यूड ही संस्था सुरू झाली. अशा ठिकाणी स्वयंसेवक हवे असतात.

काम साधंच असतं. गोष्ट वाचून दाखवायची, पाढे घ्यायचे, चित्रं रंगवायची. मात्र केमोथेरपीमुळे मुलांची प्रतिकारशक्ती घटते. म्हणून हात साबणाने स्वच्छ धुवा. सर्दी-खोकला असेल तर त्या दिवशी जाऊच नका. डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ देऊ नका. आणि ठरलेला वार चुकवू नका, कारण मूल वाट पाहत असतं.

सुईच्या धास्तीने गप्प झालेलं मूल, सापशिडीत तुमची सोंगटी सापाच्या तोंडी गेली की खळखळून हसतं. आपण कुणाच्या तरी उपयोगी पडलो, हे समाधान तेव्हा मनाला भरून टाकतं. आठवड्यातले दोन तास काढा. जवळच्या मोठ्या रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात आजच चौकशी करा.