हजेरीतली रिकामी चौकट



मी कामशेतहून लोकलने चिंचवडला, आपल्या शाळेत यायचे. पुणे-लोणावळा लोकल १९७८ साली सुरू झाली, पण मार्ग दोनच. मागून एक्स्प्रेस आली की लोकल थांबणार. थंडीत मावळात धुकं उतरलं की आणखी उशीर. तळेगावला गाडी खोळंबली की मी कुडकुडत मनातल्या मनात हजेरी मोजायचे: आता माझा नंबर आला असेल.

बाई मात्र पहिला तास संपेपर्यंत माझी चौकट रिकामी ठेवायच्या. म्हणायच्या, "उशीर गाडीला झालाय, पोरीला नाही."

आज माझ्या हाताखाली बाराजण काम करतात. मेट्रो २०२२ मध्ये पिंपरीत आली, पण वडगाव-कामशेतकरांना अजून लोकलच. गेल्या डिसेंबरात वडगावहून येणाऱ्या एका मुलाच्या वार्षिक मूल्यमापनात मी लिहिलं, 'वेळ पाळत नाही.' पाठवूनही दिलं. रात्री बाई आठवल्या. झोप लागेना. सकाळी त्याची माफी मागितली, शेरा मागे घेतला आणि नऊची मीटिंग दहावर नेली.

बाई, आज मी वीस मिनिटं उशिरा आले, ती चाकणच्या ट्रॅफिकमुळे. चौकट रिकामी ठेवली आहे ना?