बंबावरील नायिका

प्रणयकथा लिहिणारांना आगीचें साह्य फार जुनें आहे. नायिका माडीवर अडकून पडावी, जिना पेटावा, खालीं बघ्यांची गर्दी जमावी, आणि त्या गर्दींतून एक देखणा तरुण काचा मारून वर धांवावा, म्हणजे जें काम एरव्हीं दहा प्रकरणांत व्हावयाचें तें एका प्रकरणांत उरकतें. कृतज्ञतेचें प्रेमांत रूपांतर होण्यास वेळ लागत नाहीं. वाचकहि त्याबद्दल तक्रार करीत नाहींत. परंतु ज्वाळांत शिरणारी व्यक्ति नायिकाच असेल, शिडी तिच्या खांद्यावर आणि पाण्याची नळी तिच्या हातांत असेल, तर लेखकाची ही सोय नाहींशी होते. ती नाहींशी होण्यांतच कादंबरीचा लाभ आहे.

अशी नायिका आतां केवळ कल्पनेंतली राहिलेली नाहीं. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ सालीं रामपूर येथें स्थापन झालें व पुढील वर्षीं नागपुरास आलें. २००२ सालीं नागपूरच्याच हर्षिनी कान्हेकर यांनीं तेथें प्रवेश मिळविला. तेथें शिकणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. २००६ सालीं त्या तेल व नैसर्गिक वायु महामंडळाच्या अग्निशमन सेवेंत रुजू झाल्या. तामिळनाडूंत २००३ सालीं प्रिया रविचंद्रन व मीनाक्षी विजयकुमार या दोघी अधिकारी म्हणून अग्निशमन दलांत आल्या. न्यूयॉर्क शहरांत तर हा दरवाजा न्यायालयाला उघडावा लागला. ब्रेंडा बर्कमन यांनीं दलाच्या शारीरिक परीक्षेविरुद्ध दावा लाविला, ती परीक्षा स्त्रियांना अन्यायकारक ठरली, आणि १९८२ सालीं तेथें स्त्रियांची भरती झाली. तेव्हां नायिकेला असामान्य ठरविण्यासाठीं लेखकानें कांहीं अद्भुत रचण्याची आवश्यकता नाहीं. तिचें काम त्यानें नीट समजून घेतलें म्हणजे पुरे.

पहिला पेंच येतो तो सुटकेच्या प्रसंगाचा. जी स्त्री पाळीवर असतांना अनोळखी म्हातारीला, रडणाऱ्या मुलाला, भटारखान्यांत बेशुद्ध पडलेल्या आचाऱ्याला सारख्याच तत्परतेनें बाहेर काढते, तिनें एका तरुणाला उचलून आणलें एवढ्यावरून तिचें मन त्याच्यावर जडलें असें लिहिणें म्हणजे तिच्या व्यवसायाचा अपमान करणें होय. तिच्या लेखीं तो त्या रात्रीचा तिसरा मनुष्य. त्याची कृतज्ञता खरी असेल; पण कृतज्ञता म्हणजे प्रेम नव्हे, हें तिला प्रथम कळेल आणि त्याला तें शिकावें लागेल. कथा येथूनच सुरू व्हावयास हरकत नाहीं.

दुसरा पेंच वर्णनाचा. नायिकेच्या मुखावर ज्वाळांची आभा खेळविण्याचा मोह लेखकाला होईल. तो त्यानें आंवरावा. बंद घरांतील आगींत प्रकाशापेक्षां धूर अधिक, आणि ज्वाळेपेक्षां धुरानेंच माणसें अधिक दगावतात. तेथें स्वतःचा हात दिसत नाहीं. जमिनीलगतची हवा त्यांतल्या त्यांत थंड, म्हणून गुडघ्यांवर रांगत, भिंत न सोडतां पुढें जावें लागतें. छताखालीं सांचलेला धूर पांचसहाशें अंश सेल्सिअसपर्यंत तापला कीं सारी खोली एकदम पेट घेते. त्यापूर्वीं मागें फिरण्याचा निर्णय घेणें यालाहि धैर्यच लागतें. नायिकेचें मुख श्वसनयंत्राच्या मुखवट्याखालीं असतें आणि पाठीवर दाबून भरलेल्या हवेचें नळकांडें असतें. ती हवा सुमारें अर्धा तास पुरते, श्रम अधिक झाल्यास त्याहून कमी. संपत आली कीं शिटी वाजूं लागते. अशा ठिकाणीं प्रेमसंभाषण संभवत नाहीं. संभवतो तो जोडीदाराचा खांद्यावरचा हात, कारण आंत एकट्यानें जावयाचें नसतें. दोन माणसांमधील विश्वासाचें याहून बोलकें चित्र कोणत्या चांदण्या रात्रीं सांपडेल?

मग प्रणय कोठें? तो आग विझल्यानंतर. पहाटे ती घरीं येते. दोनदां न्हाऊनहि केंसांतला धुराचा वास जात नाहीं. स्वयंपाकघरांत चहाचें आधण ठेवलेलें असतें. ज्यानें तें ठेवलें त्यानें रात्रभर दूरध्वनीकडे पाहिलें आहे, पण तो तसें सांगत नाहीं. "उशीर झाला?" एवढेंच विचारतो. "वखार होती," ती म्हणते. ज्यांना वांचवितां आलें नाहीं त्यांच्याविषयीं ती बोलत नाहीं आणि तोहि विचारीत नाहीं. आठ दिवसांनीं, भाजी निवडतां निवडतां, ती आपण होऊन बोलूं लागते. आजवर वाट पाहणें हा नायिकेचा धर्म समजला गेला. शिपाई, खलाशी, देशभक्त बाहेर, आणि खिडकीशीं ती. येथें खिडकीशीं तो उभा आहे. पुरुषाला वाट पाहतां येते काय, भीतीला हुकुमाचें रूप न देतां ती सोसतां येते काय, हा या कथेचा खरा प्रश्न.

ही भीति खोटी नव्हे. १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत कापूस व दारूगोळा यांनीं भरलेल्या 'फोर्ट स्टिकीन' बोटीचा स्फोट झाला. आग विझविण्यास गेलेले ६६ अग्निशामक प्राणांस मुकले. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. जानेवारी २०१२ मध्यें चेन्नईच्या कलस महालाची आग विझवितांना प्रिया रविचंद्रन गंभीर भाजल्या व त्यांचा एक सहकारी मृत्यु पावला. बऱ्या झाल्यावर त्या पुन्हा सेवेंत आल्या. म्हणून कथेंतील प्रियकर जेव्हां "हें काम सोड" म्हणेल, तेव्हां त्याला खलपुरुष ठरवून लेखकानें मोकळें होऊं नये. त्याच्या म्हणण्यांत प्रेम आहे, आणि तरीहि तें म्हणणें मान्य करण्याजोगें नाहीं. दोन्ही बाजू खऱ्या असल्या म्हणजेच कथेंत गांठ पडते.

ती सोडविण्याची रूढ रीत सर्वांच्या परिचयाची आहे. शेवटच्या प्रकरणांत गणवेश पेटींत जातो, मंगळसूत्र गळ्यांत येतें, आणि वाचक सुखानें पुस्तक मिटतो. ना. सी. फडके यांच्या 'प्रतिभासाधन' (१९३१) या ग्रंथापासून मराठी लेखक कथेच्या तंत्राचा पद्धतशीर विचार करीत आलेला आहे. पण तंत्र फार तर गांठ कशी सोडवावी हें शिकवील. ती कोणाच्या पदरचें काढून घेऊन सोडवावी, हें लेखकाच्या न्यायबुद्धीनेंच ठरावें लागतें. जिच्या धैर्यावर लेखकानें तीनशें पानें उभीं केलीं, तिचें धैर्य तीनशें एकाव्या पानावर लग्नाच्या बदल्यांत मागून घेणें हा सौदा प्रेमाचा नव्हे.

तेव्हां लग्न अवश्य व्हावें. प्रणयकथेच्या वाचकाचा तो हक्कच आहे. मात्र त्यापुढें आणखी एक पान असावें. दोघें जेवावयास बसलीं आहेत, भात नुकताच वाढला आहे, आणि दूरध्वनी वाजतो. ती उठते. तो कांहीं बोलत नाहीं. तिच्या ताटावर दुसरें ताट झांकून ठेवतो.