पाण्याचा दाब आणि घरचें शुद्धियंत्र



ठाणें, कल्याण आणि डोंबिवली येथील अनेक स्वयंपाकघरांत, पूर्वी जेथें तांब्याचा हंडा झळकत असे, तेथें आज भिंतीवर जलशुद्धियंत्र टांगलेलें दिसतें. त्याची धार बारीक झाली, कीं घरांत कुरकुर सुरू होते आणि गृहस्थ दुकानीं जाऊन अधिक जोराचा पंप विकत आणतो. दोष दाबाचा आहे, यंत्राचा आहे, कीं आपल्या समजुतीचा आहे, हा विचार मात्र क्वचितच होतो. तो आज आपण करूं.

पत्र्याच्या डब्याला खालपासून वरपर्यंत तीन छिद्रें पाडून तो पाण्यानें भरला, तर सर्वांत खालची धार सर्वांत जोरानें सुटते, हें शाळेंतील मुलांसही ठाऊक असतें. पाण्याचा दाब पाण्याच्या उंचीवर अवलंबून असतो. टाकी मोठी कीं लहान, याच्याशीं त्याला कर्तव्य नाहीं. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारें १ किलो भरतो. आतां एक सात मजली इमारत घ्या. गच्चीवरील टाकीचें पाणी तळमजल्यावर २ किलोंहून अधिक दाबानें उतरतें. परंतु सर्वांत वरच्या मजल्यावर तो दाब पाव किलोच्या आसपासच राहतो. टाकीला सर्वांत जवळचें बिऱ्हाडच दाबाच्या बाबतींत सर्वांत दरिद्री, असा हा निसर्गाचा न्याय आहे.

ज्या यंत्रास बाजारांत ‘आर. ओ.’ म्हणतात, तें पाण्यांत विरघळलेले क्षार काढून टाकतें. त्याच्या पोटांत मेंब्रेन नांवाचें अतिसूक्ष्म पटल असतें आणि त्यांतून पाणी दामटण्यास ४ ते ६ किलो दाब लागतो. आपल्या नळाला इतका दाब सहसा नसतो, म्हणून यंत्रांतच एक छोटा पंप बसविलेला असतो. मात्र पंप दाब वाढवितो, पाणी निर्माण करीत नाहीं. यास्तव धार बारीक झाली, तर आधीं यंत्राकडे जाणारी नळी सोडून तिच्याखालीं भांडें धरावें. तें झरझर भरलें, तर दोष यंत्राच्या आंत आहे, आणि पुष्कळदां तो चोंदलेल्या फिल्टरचाच असतो. तें रखडत भरलें, तरच यंत्राच्या आधीं आणखी एक लहान पंप लावण्याचा विचार करावा. उलट उंच मनोऱ्यांच्या खालच्या मजल्यांवर दाब ५-६ किलोंपर्यंतही जाऊं शकतो; तेथें पंप नव्हे, दाब कमी करणारा व्हॉल्व्ह हवा, नाहीं तर नळ्यांचे जोड सुटतात.

परंतु याहून आधींचा प्रश्न निराळाच आहे. क्षार काढण्याची गरज आहे काय? आपल्या शहरांना मुख्यतः उल्हास आणि भातसा या नद्यांचें, तसेंच बारवी धरणाचें पाणी मिळतें. हें डोंगरावर पडलेल्या पावसाचें पाणी. त्यांत क्षार मुळांतच थोडे. भारतीय मानकाप्रमाणें पिण्याच्या पाण्यांत दर लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले पदार्थ मान्य आहेत. त्याहून कमी क्षारांच्या पाण्यासाठीं आर. ओ. यंत्रें वापरूं देऊं नयेत, असें २०१९ सालीं राष्ट्रीय हरित लवादानें केंद्र शासनास सांगितलें होतें. पुढें तो वाद सर्वोच्च न्यायालयांत गेला. कारण उघड आहे: असें यंत्र एक पेला पाणी देतांना बहुधा दोन-तीन पेले मोरींत सोडतें. नदीच्या पाण्याचें मुख्य भय क्षारांचें नसून गढूळपणाचें आणि जंतूंचें असतें. त्यावर फिल्टर आणि अतिनील किरणांचें यंत्र, किंवा पाणी गाळून खळखळून उकळणें, हा उपाय पुरतो. खाडीलगतच्या बोअरवेलचें खारें पाणी प्यावें लागत असेल, तर गोष्ट वेगळी.

आतां सर्वांत गंभीर मुद्दा. कित्येक जण महानगरपालिकेच्या नळालाच थेट पंप जोडतात. पंप खेंचूं लागला, कीं जमिनीखालच्या नळांतील दाब ओसरतो. कधीं कधीं तो बाहेरच्या हवेच्या दाबाहूनही खालीं जातो. मग जेथें जोड ढिला असेल, तेथून पाणी बाहेर गळण्याऐवजीं शेजारच्या गटाराचें पाणी आंत ओढलें जातें. लंडनमध्यें १८५४ सालीं डॉ. जॉन स्नो यांनीं पटकीची सांथ ब्रॉड स्ट्रीटवरील एका हातपंपाच्या पाण्याशीं जोडून दाखविली. त्या विहिरीशेजारचा एक मैलखड्डा झिरपत होता, हें पुढें उघडकीस आलें. एवढ्याशा पाझरानें शेंकडों माणसें दगावलीं! आपल्या घरीं शुद्धियंत्र आहे; पण त्याच नळावरील ज्या शेजाऱ्याकडे तें नाहीं, त्याच्या लेंकरानें आपल्या पंपाचें फळ भोगावें काय?

म्हणून क्रम ध्यानांत ठेवावा. प्रथम पाण्यांतील क्षार मोजून घ्यावे, तळटाकी आणि गच्चीवरील टाकी वेळच्यावेळीं धुवावी, फिल्टर तपासावा, आणि एवढें करूनही गरज उरलीच, तर पंप बसवावा. तोही आपल्या टाकीच्या पाण्यावर. सर्वांच्या नळावर कधींही नव्हे. पाणी एकाच नळानें घरोघर जातें, तेव्हां त्याची शुद्धताही सर्वांनीं मिळूनच राखावी लागते.