शुगर फ्री म्हणजे किती शुगर? खजुराच्या बाइट्सचा हिशोब

हेडफोन लावलेत ना? आजचा एपिसोड छोटा आहे आणि खायचा आहे.

‘नो-बेक एनर्जी बाइट्स’. नाव ऐकून घाबरू नका. आपल्या आज्यांकडे ओव्हन होता कुठे? डिंकाचे लाडू काय, तिळाचे काय, सगळं ‘नो-बेक’च. फरक एवढाच, की डिंकाच्या लाडवाला तूप तापवा, डिंक तळा, गुळाचा पाक करा. इथे पाकाचं काम खजूर करतो. गॅस नाही, आणि भांडं म्हणाल तर मिक्सरचं एकच. मी मनमाडची. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे घासायची भांडी कमी हा माझ्यासाठी मोठा मुद्दा आहे.

साहित्य लिहून घ्या. बिया काढलेला मऊ खजूर 200 ग्रॅम, बेदाणे 50, भाजून सोललेले शेंगदाणे 75, बदाम 50, तीळ 25 आणि सुक्या खोबऱ्याचा कीस 25 ग्रॅम. शेंगदाणे भाजलेलेच आणा, म्हणजे गॅस खरंच लागत नाही. द्राक्षं आमच्या शेजारी निफाड-दिंडोरीत पिकतात, पण बेदाण्याची मोठी बाजारपेठ सांगली-तासगावला.

आधी बदाम-शेंगदाणे मिक्सरला थांबत थांबत फिरवा. भरड हवी. जास्त फिरवलंत तर तेल सुटतं. ते काढून ठेवा. मग खजूर चिरून बेदाण्यांसोबत फिरवा. अख्खा टाकलात तर पात्यात गोळा अडकतो. सगळं परातीत एकत्र मळा, हाताला तुपाचं बोट लावा, 20 गोळ्या वळा. पाणी अजिबात घालायचं नाही. ओलावा कमी असतो म्हणूनच हे टिकतं. बेदाणे धुतलेत तर फडक्यावर पूर्ण कोरडे करा.

स्टीलच्या डब्यात आठवडाभर छान राहतात. मनमाडच्या मे महिन्यात मात्र फ्रीजमध्येच ठेवा, नाहीतर दाण्याचं तेल खवट होतं. पहाटेची पंचवटी पकडणाऱ्यांनी दोन गोळ्या खिशात टाकाव्यात, नाश्त्यापर्यंत निभावतं.

आता मुद्द्याचं. माझ्या आईला डायबेटिस आहे. अशा गोळ्या तिला नातेवाईक प्रेमानं देतात, “अगं, साखर नाहीये यात, खा चार!” मी पडले इंजिनिअर, म्हणून एक्सेल उघडलं. खजुराच्या वजनात साधारण 65 टक्के साखरच असते, बेदाण्यातही जवळपास तेवढीच. म्हणजे वरच्या एका गोळीत 8 ते 9 ग्रॅम साखर, दोन चहाचे चमचे. चार गोळ्या म्हणजे आठ चमचे! वरून साखर घातली नाही हे खरं, पण साखर नाही हे खोटं. फायबर आणि दाण्यांमुळे ती थोडी हळू रक्तात उतरते, पण उतरते.

म्हणून आईसाठी दुसरं व्हर्जन केलं. खजूर 100, बेदाणे बंद, शेंगदाणे 150, तीळ 50, बदाम आणि खोबरं तेवढंच. यात मात्र दाणे जरा जास्त फिरवायचे, कारण इथे त्यांचं तेलच गोळी बांधतं. 18 गोळ्या होतात आणि साखर येते गोळीला 4 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे निम्मी. पण कॅलरी? पहिल्या गोळीत 85-90, या गोळीत शंभरच्या वर! साखर कमी केली की तेल वाढतं. फुकट काहीच मिळत नाही.

आईच्या डॉक्टरांना दोन्ही आकडे दाखवले. ठरलं असं, की दिवसाला एकच गोळी, तीही संध्याकाळच्या बिस्किटांच्या ऐवजी, बिस्किटांसोबत नाही. डबा आता तीच सांभाळते, आणि मला मोजून देते!

तुमच्या घरी कुणाला शुगर असेल, तर प्रमाण त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. लहान मुलांना दाण्याचा मोठा तुकडा घशात अडकू शकतो, त्यांच्यासाठी बारीक पूड करा. आणि शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी यातलं काहीच करू नका.

करून बघा, आणि कुणाला देताना “साखर नाही” म्हणू नका, “एकच खा” म्हणा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!