ग्रीसमधले हात



मला 'माझी वाटचाल' असा विषय दिलाय. तो राहू दे. परवा आपल्यातल्याच एकाचा फोन आला. मुलगी दहावीला आहे आणि मेकॅट्रॉनिक्सचा डिप्लोमा करायचा म्हणते. "तू सॉफ्टवेअरवाली, तिला जरा समजाव," म्हणाला. फोनवर मी हो-नाही केलं. उत्तर इथे देते.

या शाखेची ओळख आपल्याला विहिरीवरच झालेली आहे. तीनपैकी एक फेज गेली की मोटार नुसती घुमते, उरलेल्या तारांतून जास्त करंट ओढते आणि जळते. ऐन उन्हाळ्यात टोमॅटोचं पाणी थांबायचं. अण्णा मोटार नारायणगावला रिवाइंडिंगला न्यायचे आणि मी दुकानात तांब्याच्या तारेचे वेढे मोजत बसायचे. त्याच वर्षांत खोडदला जीएमआरटीच्या तबकड्या उभ्या राहत होत्या, 45 मीटर व्यासाच्या, एकूण 30. सगळे ताऱ्यांबद्दल विचारायचे. मला पडायचा तो प्रश्न वेगळाच, एवढं धूड फिरवतं कोण? मोटार, गिअर, ब्रेक आणि किती फिरलं ते सांगणारा सेन्सर. लोखंड, वीज आणि हिशेब एका जागी. मेकॅट्रॉनिक्स म्हणजे तेच.

1996 साली फॉर्म भरताना मी इलेक्ट्रिकल लिहिणार होते. घरी आलेले एक पाहुणे म्हणाले, "पोरीनं ग्रीसमध्ये हात घालायचे का?" अण्णा गप्प बसले. मीही. कॉम्प्युटर लिहिलं. पुढे डिग्री, नोकरी, सगळं नीट झालं. खोटं कशाला बोलू, घर त्यावरच उभं राहिलं.

पण काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात आमच्या सॉफ्टवेअरवर चालणारा पट्टा मध्येच थांबायचा. दोन दिवस मी कोड चाळत होते. तिथल्या डिप्लोमावाल्या मुलीनं पट्ट्याखाली हात घातला आणि म्हणाली, "मॅडम, सेन्सरचा ब्रॅकेट ढिला आहे." दहा मिनिटांचं काम. कोडमध्ये चूक नव्हतीच. त्या रात्री मला ते रिवाइंडिंगचं दुकान फार आठवलं.

म्हणून मी तिला परावृत्त करणार नाही. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा, मग डिग्रीला थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. दार बंद होत नाही. मात्र शाखेच्या नावावर भाळू नका. मेकॅट्रॉनिक्सच्या नावाखाली नुसते फळ्यावरचे सर्किट शिकवत असतील, तर त्यापेक्षा साधं इलेक्ट्रिकल बरं. एका किटवर किती मुलं, आठवड्यात किती तास हात मशीनला लागतो, मोटार उघडून परत जोडायला देतात का, हे विचारायचं.

आपल्या वेळी हे बघायला पुण्याला जावं लागायचं. आता आंबेगावातच अवसरीला सरकारी पॉलिटेक्निक आहे, शेजारी 2009 पासून इंजिनिअरिंग कॉलेजही. येत्या शनिवारी मी तिला तिथली वर्कशॉप दाखवायला नेणार आहे. तिच्या बाबांनी यायला हरकत नाही, पण त्यांनी गेटबाहेर चहा प्यायचा. प्रश्न ती विचारेल.