दिव्यातील भुकटी आणि शेतातील तूर



तुरीचे नवे वाण शेतकऱ्याच्या हाती पडण्यास इतकी वर्षे का लागतात, हा प्रश्न गावोगावी विचारला जातो. मर रोगाने उभे पीक वाळू लागले की तो अधिकच कळकळीने विचारला जातो. दोन वाणांचा संकर केल्यावर त्यातून स्थिर वाण मिळण्यास साधारणतः सहा-सात पिढ्या जाव्या लागतात. आपल्याकडील मध्यम मुदतीची तूर दिवस लहान होऊ लागल्यावरच फुलावर येते आणि वर्षातून एकदाच पिकते. म्हणजे सहा-सात वर्षे वाट पाहण्यातच जातात. शेतावरील चाचण्या त्यानंतरच्या.

ही प्रतीक्षा कमी करण्याचे काम हैदराबादेत चालले आहे. हैदराबादचे नाव मराठवाड्यास परके नाही. १९५६ पर्यंत मराठवाड्याचे पाच जिल्हे त्याच राज्यात होते. शहरालगत पटनचेरू येथे १९७२ साली स्थापन झालेली इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था आहे. मर रोगास तोंड देणारे ‘मारुती’ व ‘आशा’ हे तुरीचे वाण तिच्याच कार्यातून आले. ५ फेब्रुवारी २०२२ रोजी तेथे पिकांच्या पिढ्या जलद वाढविण्याच्या सुविधेचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले. प्रकाश, तापमान व आर्द्रता यांचे नियंत्रण करून तुरीच्या वर्षाला चारपर्यंत पिढ्या घेण्याची पद्धत संस्थेने २०२४ साली जाहीर केली. हरभऱ्याच्या बाबतीत तर वर्षाला सातपर्यंत पिढ्या घेता आल्या आहेत.

येथे दिव्याचा विचार येतो. प्रकाश हे वनस्पतीचे अन्न सिद्ध करण्याचे साधन आहे, तसाच तो ऋतूचा निरोपही आहे. अन्नासाठी पान मुख्यतः निळा व तांबडा प्रकाश घेते. फुलावर केव्हा यावे, हे मात्र ते रात्रीच्या लांबीवरून व गडद तांबड्या प्रकाशाच्या प्रमाणावरून ओळखते. शेवंतीच्या पॉलीहाऊसमध्ये रात्री दिवे लावून फुले लांबविली जातात, त्यामागील तत्त्व हेच.

आता आपल्या मोबाईलमधील विजेरी बंद असताना नीट पाहा. तेथे पिवळा ठिपका दिसेल. आतील एलईडीचा कण प्रत्यक्षात निळाच प्रकाश देतो. त्यावरील पिवळी भुकटी त्यातील काही प्रकाश शोषून पिवळा करून सोडते आणि दोन्ही मिळून आपल्याला पांढरा उजेड दिसतो. या भुकटीस ‘फॉस्फर’ म्हणतात. शेतकरी बंधूंनी तिचा स्फुरद खताशी संबंध जोडू नये. नावांत साम्य असले तरी वस्तू निराळ्या आहेत.

ही पिवळी भुकटी मनुष्याच्या डोळ्यासाठी निवडलेली आहे. पिकासाठी निळ्याचे रूपांतर तांबड्यात करणारी भुकटी हवी. युरोपियम या दुर्मिळ मूलद्रव्याने ते साधते; परंतु ते महाग पडते. म्हणून जगभर मँगनीजचा प्रयोग चालू आहे. योग्य पदार्थात शंभरात एखादा, पुष्कळदा त्याहूनही कमी, मँगनीजचा अणू बसविला, की ती भुकटी निळ्या प्रकाशात तांबडी उजळते. नागपूर व भंडारा जिल्ह्यांना मँगनीजच्या खाणी ठाऊक आहेतच; नागपूर विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागातही प्रकाश देणाऱ्या भुकट्यांवर दीर्घकाळ संशोधन होत आले आहे. अडचणी अर्थात आहेत. दिवा तापला की बहुतेक भुकट्यांचे तेज घटते, आणि मँगनीजच्या काही भुकट्या दमट हवेत खराब होतात. झाडांच्या खोलीत तर दमटपणा असावयाचाच.

मी कलाशाखेचा पदवीधर आहे. भुकटी कशी घडवावी हे शास्त्रज्ञांनी सांगावे. प्रसिद्धी अधिकारी या नात्याने मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. उघड्या शेतातील तुरीस असे दिवे लावून लाभ होणार नाही. तेथे सूर्य विनामूल्य प्रकाश देतो आणि दिव्याची बरोबरी त्याच्याशी होऊ शकत नाही. रोपवाटिका, ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा व संशोधनगृह हीच त्यांची स्थाने होत. तेथेही विक्रेत्यास ‘दिवा किती लखलखीत?’ असे विचारू नये; तो मनुष्याच्या डोळ्याचा हिशेब झाला. पिकास उपयोगी प्रकाश किती मायक्रोमोल मिळतो व त्यास वीज किती लागते, हे लेखी मागावे.

शिक्षकांनी वर्गात जुन्या सीडीच्या चकचकीत बाजूवर एलईडीचा उजेड पाडून त्यातील रंग मुलांना अवश्य दाखवावेत.

शेतकऱ्याला या विद्येचा लाभ दिव्याच्या रूपाने नव्हे, तर बियाण्याच्या रूपाने मिळावयाचा आहे. मर रोगास तोंड देणारे वाण चार वर्षे आधी गावी पोहोचले, तर चार हंगामांची तूर वाचेल. बंद खोलीतील त्या उजेडाचे मोल याच हिशेबाने करावे, एवढीच विनंती.