पंडिता रमाबाई : आई आणि शिक्षिका



शाळेच्या या स्मृतिव्याख्यानासाठी आपण मला पाचारण केलेत याबद्दल मी आपली ऋणी आहे. हे व्याख्यान एका शिक्षिकेच्या स्मरणार्थ होते आणि ते कलबुर्गीत, म्हणजे आपल्या जुन्या गुलबर्ग्यात होते. या दोन्ही गोष्टी ध्यानात घेतल्यावर विषय शोधीत बसण्याची गरज मला उरली नाही. १९१२ च्या सुमारास, हे गाव निजामाच्या राज्यात असताना, पंडिता रमाबाईंनी येथे एक ख्रिस्ती हायस्कूल काढले आणि त्याची धुरा आपली कन्या मनोरमाबाई हिच्यावर सोपविली. आपल्या गावाच्या शैक्षणिक इतिहासात ही नोंद ठळक असावयास हवी होती. ती तशी नाही, आणि त्याचे कारण आपण सर्वजण मनातल्या मनात जाणतो. रमाबाई ख्रिस्ती झाल्या. त्यानंतर मराठी समाजाने त्यांना जे दूर लोटले, ते शंभर वर्षे उलटून गेली तरी पुरते जवळ घेतले नाही. १९८९ साली त्यांच्या नावाचे टपाल तिकीट निघाले, पाठ्यपुस्तकांत एखादा परिच्छेद आला. परंतु त्यातही ‘स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या’ एवढेच म्हणून त्यांची श्रद्धा हळूच बाजूला सारली जाते. श्रद्धा वगळून रमाबाई सांगता येत नाहीत. मला आज त्यांच्याविषयी आई आणि शिक्षिका या नात्याने बोलावयाचे आहे, आणि त्यात हा प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही.

सुरुवात रमाबाईंच्या आईपासून करावी लागते. अनंतशास्त्री डोंगरे या विद्वानाने पुण्यात पेशव्यांच्या घरातील स्त्रीला संस्कृत शिकताना पाहिले आणि आपल्या पत्नीलाही शिकवावयाचे असे मनात धरले. त्यांच्या द्वितीय पत्नी लक्ष्मीबाई वयाने फार लहान होत्या. त्यांना संस्कृत शिकविल्याबद्दल शास्त्रीबोवांना उडुपीला धर्मसभेपुढे जाब द्यावा लागला, आणि त्यांनी तो शास्त्राधारे दिला. पुढे पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात त्यांनी आश्रम उभा केला. शास्त्रीबोवा बाहेरगावी असत तेव्हा त्यांच्या विद्यार्थ्यांना लक्ष्मीबाई पाठ देत. तेथेच, कन्नड मुलखातील या मराठी घरात, २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाई जन्मल्या. सीमेवरच्या आपल्यासारख्यांनी ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी अशी आहे.

रमाबाई काही महिन्यांच्या असतानाच कुटुंबाने आश्रम सोडला. तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत, ते देशभर हिंडत राहिले. वडील वृद्ध झाले होते. म्हणून धाकट्या मुलीला शिकविण्याचे काम आईकडे आले. दिवसभर आईला घरकामातून उसंत नसे. मग ती पहाटे, पाखरे जागी होण्याच्या वेळी, मुलीला कुशीत घेऊन गोंजारून उठवी आणि पाठ देई. हाती पोथी नसे. आईच्या तोंडून ऐकावयाचे आणि म्हणून दाखवावयाचे. याच रीतीने भागवत मुखोद्गत झाले. मी स्वतः पस्तीस वर्षे वर्गात उभी राहिले आहे. शिक्षणशास्त्राच्या पदवीसाठी जे ग्रंथ वाचले त्यांत अध्यापनाची पुष्कळ तंत्रे होती, पण या पहाटेच्या वर्गाला तोड असलेले काही मला आढळले नाही.

१८७० नंतरच्या दशकातील दुष्काळात वडील गेले, आई गेली, थोरली बहीणही गेली. आईची तिरडी उचलावयास पुरेशी माणसे मिळेनात. चौथ्या खांदेकऱ्याच्या जागी रमाबाईंना उभे राहावे लागले, आणि उंची कमी पडल्यामुळे तिरडीचा भार त्यांनी डोक्यावर घेतला. पुढे १८८७ साली अमेरिकेत उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवर त्यांनी जो इंग्रजी ग्रंथ लिहिला, तो त्यांनी याच आईच्या स्मृतीस अर्पण केला. तोवर त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या होत्या. आई मात्र अखेरपर्यंत निष्ठावंत हिंदू होती. त्या अर्पणपत्रिकेत रमाबाईंना काही विसंगती वाटली नाही, आणि आपणही ती वाटून घेऊ नये.

१८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना गौरविले हा भाग आपल्याला परिचित आहे. १८८० मध्ये विवाह, १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म, १८८२ मध्ये वैधव्य. पदरात तान्ही मुलगी घेऊन त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज काढला, आणि त्याच वर्षी हंटर आयोगापुढे मराठीतून साक्ष दिली. मुलींना शिकवावयास स्त्रियाच हव्यात, त्या प्रशिक्षित हव्यात, आणि त्यांचे वेतन पुरुष शिक्षकांपेक्षा अधिक असावे, असे या चोवीस वर्षांच्या विधवेने सांगितले. वेतनाची ही सूचना ऐकून आजच्या सभागृहातील काही भगिनी हसत आहेत, ते मला दिसते आहे!

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांनी आणि मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. येथून पुढची हकिगत मला सर्वांत महत्त्वाची वाटते. रमाबाईंनी ख्रिस्ताचा स्वीकार केला, पण ज्यांनी तो त्यांना दाखविला त्यांच्या हाती आपली विवेकबुद्धी दिली नाही. चेल्टनहॅमच्या विद्यालयात असताना त्यांनी मुलग्यांना शिकविण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी उत्तर दिले त्याचा आशय असा : माझ्या आईने तरुण पुरुषांना शिकविले तेव्हा माझ्या वडिलांनी हरकत घेतली नाही, मी शिकविले तेव्हा माझ्या पतीने घेतली नाही, आणि आता इंग्रज लोक ती घेतात याचे मला नवल वाटते. गंगामुळाचा आश्रम तेथे, चेल्टनहॅममध्ये, त्यांच्या मदतीस आला.

मनोरमेवरूनही असाच वाद झाला. सिस्टर जेराल्डिन यांना या मुलीला पंथाच्या सर्व सिद्धांतांत वाढवावयाचे होते. जे मला स्वतःला पटलेले नाही ते माझ्या मुलीला शिकवू नका, असे रमाबाईंचे म्हणणे. मुलीने इंग्रज होऊ नये, आपल्या देशबांधवांतलीच एक म्हणून वाढावे, हाही त्यांचा आग्रह. हा पत्रव्यवहार १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला आहे. ‘रमाबाईंना मिशनऱ्यांनी नादी लावले’ असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा वाचावा. नादी लागलेली बाई अशी भांडत नाही. अर्थात सिस्टर जेराल्डिन यांनाही मुलीबद्दल खरी माया होती आणि वाद दोन्ही बाजूंनी दुखविणारा होता, हेही ती पत्रे वाचताना जाणवते.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि १८९० मध्ये ते पुण्यास हलले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई या बालविधवा होत्या. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह होऊन त्या आनंदीबाई, म्हणजेच बाया कर्वे झाल्या. आपल्या ‘माझे पुराण’ मध्ये त्यांनी सदनातील दिवसांविषयी लिहिले आहे. त्या चार वर्षे रमाबाईंच्या हाताखाली राहिल्या आणि हिंदूच राहिल्या.

तरीही वादळ उठलेच. सदनात धर्मशिक्षण दिले जाणार नाही असे जाहीर आश्वासन होते. रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेला घेऊन प्रार्थना करीत आणि दार लावून घेत नसत. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. रमाबाईंनी त्यांना बोलावले नाही, तसे घालवूनही दिले नाही. केसरीने टीकेची झोड उठविली. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर आदींनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

या प्रसंगाकडे मी पुष्कळ वेळा परतून गेले आहे. रानडे-भांडारकर हे संकुचित वृत्तीचे नव्हते. पालकांना शब्द त्यांच्या भरवशावर मिळाला होता, आणि शिक्षिकेच्या उघड्या दाराचा लहान मुलींवर किती प्रभाव पडतो हे ते ओळखून होते. त्यांची चिंता खोटी नव्हती. दुसरीकडे, आपल्या पोटच्या मुलीसह प्रार्थना करणाऱ्या आईने कडी लावून घ्यावी आणि ज्या मुली आपल्याला आईच्या जागी मानतात त्यांना बाहेर ठेवावे, ही अपेक्षा रमाबाईंना दांभिक वाटली. मुलींना त्यांचे देव, त्यांची व्रते पाळावयास सदनात मोकळीक होती. मग स्वतःपुरती ती का नसावी? संस्थेची संचालिका म्हणून पाहिले तर दार लावून घेणे व्यवहार्य होते. आई म्हणून ते त्यांना शक्य नव्हते. माझे मत विचाराल तर मी रमाबाईंच्या बाजूने आहे. मात्र पुढे केडगावला संस्था उघडपणे ख्रिस्ती झाली, तेव्हा सदनातील तो नाजूक तोल उरला नाही, हेही मी मान्य करते.

केडगावचे काम मात्र केवळ धर्मांतराच्या हिशेबात मांडणे हा अन्याय होईल. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायकांना घेऊन आल्या. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी पुष्कळ आल्या. स्वतःचे आईबाप ज्या दुष्काळाने नेले, त्या दुष्काळाचे तोंड त्यांना ओळखीचे होते. मुक्ति सदनात शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना सर्व बायका चालवीत. मनोरमाबाई अमेरिकेत ब्रेल लिपी शिकून आल्या आणि अंध मुलींना वाचावयास शिकवू लागल्या. रमाबाई स्वतः अखेरपर्यंत शाकाहारी राहिल्या, सुती पांढरे लुगडे नेसत राहिल्या.

उत्तरायुष्यातील मोठे काम म्हणजे बायबलचे मराठी भाषांतर. प्रचलित भाषांतराची मराठी खेड्यातील बाईला कळत नाही, म्हणून पन्नाशीच्या आसपासच्या या पंडितेने हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला आणि साधी मराठी शोधण्यात वर्षेच्या वर्षे घालविली. ज्यांना दुष्काळातून आणले, ज्यांना अक्षरओळख केडगावातच झाली, त्या मुली या मजकुराचे खिळे जुळवीत आणि मुद्रिते तपासीत. ज्या मुलीला वडिलांनी नव्हे, आईने पोथीवाचून शिकविले, तिने उतारवयात शेकडो मुलींच्या हाती छापील अक्षर दिले.

केडगाव आणि गुलबर्गे अशा दोन ठिकाणी मनोरमाबाईंनी आईच्या कामाचा भार वाहिला. संस्था त्यांच्याच हाती जावयाची, असे सर्वांनी धरले होते. २४ जुलै १९२१ रोजी, चाळिशीतच, त्या वारल्या. ज्या आईने तरुणपणी स्वतःच्या आईची तिरडी उचलली होती, तिने आता मुलीला निरोप दिला आणि भाषांतराच्या कामाला पुन्हा बसली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. भाषांतर पुरे होऊन राहिले होते. समग्र बायबल त्यांच्या पश्चात, मुक्तीच्या छापखान्यातून, तेथील स्त्रियांच्याच हातून छापून निघाले.